आठ लाख बाट आणि वर्षाचं कॅलेंडर

निवृत्तीनंतर थायलंडमध्ये राहायला काय लागतं, असं कुणालाही विचारा. वय पन्नास पूर्ण आणि थाई बँकेत आठ लाख बाट, असं उत्तर मिळेल. उत्तर खरं आहे, पण त्यातून निम्मीच गोष्ट कळते. आठ लाख बाट म्हणजे वीस लाखांहून जास्त रुपये. पुण्यात किंवा ठाण्यात एखादा छोटा फ्लॅट विकलेल्या, किंवा भविष्यनिर्वाह निधी हाती आलेल्या माणसाला ही रक्कम उभी करणं फार जड जात नाही. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. ही रक्कम कोणत्या तारखेला खात्यात आली, अर्जाच्या आधी किती दिवस तिथे राहिली, मंजुरीनंतर किती दिवस हलली नाही आणि वर्षभरात कधी किती खाली गेली, हे सगळं इमिग्रेशनचा अधिकारी पासबुकाची पानं उलटून पाहतो. माझ्या पाहण्यात ज्यांचे अर्ज अडले, त्यांतल्या बहुतेकांकडे पैसे होते. त्यांच्या तारखा चुकल्या होत्या.

आधी एक घोळ मिटवू. लोक ज्याला ‘रिटायरमेंट व्हिसा’ म्हणतात, तो बहुतेकांच्या बाबतीत व्हिसा नसतोच. आपण भारतातून ‘नॉन-इमिग्रंट ओ’ नावाचा नव्वद दिवसांचा व्हिसा घेऊन जातो. जानेवारी २०२५ पासून भारतातले हे अर्ज थाई ई-व्हिसा प्रणालीतून ऑनलाइन होतात. तिथे पोचल्यावर त्या नव्वद दिवसांच्या आत, निवृत्तीच्या कारणासाठी, मुक्कामाची एक वर्षाची मुदतवाढ मागायची असते. ती दर वर्षी नव्याने मागावी लागते. बँकेतल्या रकमेची ही सगळी कसोटी त्या मुदतवाढीची आहे.

‘ओ-ए’ नावाचा दुसरा मार्गही आहे. हा एक वर्षाचा व्हिसा आपल्या देशातूनच मिळतो आणि पहिल्या अर्जाला पैसे भारतातल्या बँकेत असले तरी चालतात. त्यामुळे तो सोपा वाटतो. पण त्यासाठी पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, शिवाय ऑक्टोबर २०१९ पासून आरोग्यविमा सक्तीचा आहे. पुढे तिथे राहून मुदतवाढ मागताना विमा सुटत नाही आणि पैसेही थाई बँकेत न्यावेच लागतात. साठीच्या पुढे, मधुमेह किंवा रक्तदाब असताना, तो विमा मिळवणं ही वेगळीच लढाई ठरते. म्हणून मी या लेखात ‘ओ’चाच रस्ता धरतो. विमा सक्तीचा नसला तरी तो घ्यावाच. तिथल्या खासगी रुग्णालयाचं एक बिल या सगळ्या हिशेबाला पुरून उरेल.

दहा वर्षांचा ‘ओ-एक्स’ व्हिसा काही ठरावीक देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि त्या यादीत भारत नाही, त्यामुळे त्याची जाहिरात दिसली तरी पुढे जावं.

आता मूळ नियम. थाई इमिग्रेशन ब्युरोने जानेवारी २०१९ मध्ये काढलेला आदेश त्या वर्षीच्या १ मार्चपासून लागू झाला. त्याचे तीन भाग आहेत. अर्जाच्या दिवशी अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर थाई बँकेत किमान आठ लाख बाट हवेत आणि ते त्याआधी सलग दोन महिने तिथे असायला हवेत. मुदतवाढ मिळाल्यावर पुढचे तीन महिने ही रक्कम आठ लाखांच्या खाली जाता कामा नये. त्यानंतर उरलेलं वर्षभर ती चार लाखांपर्यंत उतरवता येते, त्याखाली नाही. पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी ती पुन्हा आठ लाखांवर आणायची.

पूर्वी मंजुरीनंतर पैसे ठेवण्याची अट नव्हती. त्यामुळे कुणीतरी उसने पैसे खात्यात टाकायचं आणि शिक्का मिळाला की काढून घ्यायचं, असा धंदा चालत असे. नंतरच्या तीन महिन्यांच्या अटीने आणि चार लाखांच्या तळाने ती वाट बरीच अरुंद झाली. आजही काही दलाल ‘पैशांची सोय आम्ही करतो’ असं सांगतात. त्यांच्याकडे अजिबात जाऊ नये. खोट्या कागदावर मिळालेली मुदतवाढ रद्द होते, आणि परक्या देशात उतारवयात ती नामुष्की ओढवून घेण्यासारखं काहीही त्यात वाचत नाही.

आठ लाखांना पर्याय म्हणून दरमहा ६५,००० बाट उत्पन्नही चालतं. पण ते वर्षभर दर महिन्याला परदेशातून थाई खात्यात जमा झालेलं दिसावं लागतं. रुपयांत ते महिना पावणेदोन लाखांच्या आसपास जातं, आणि आपल्याकडे एवढं निवृत्तिवेतन थोड्यांनाच असतं. ठेव आणि वार्षिक उत्पन्न मिळून आठ लाख करण्याचीही सोय आहे, पण तिथे प्रत्येक कार्यालयाचा अर्थ थोडा वेगळा निघतो. नवख्या माणसाने सरळ ठेवीचाच मार्ग धरावा.

मग पहिली अडचण येते खात्याची. पर्यटक म्हणून गेलेल्या माणसाचं खातं उघडायला थाई बँका सहसा तयार नसतात, आणि अलीकडे फसवणुकीच्या खात्यांवर कारवाई वाढल्यापासून त्या आणखी सावध झाल्या आहेत. नॉन-इमिग्रंट व्हिसा हातात असेल तर दार बरंच उघडतं. तरी राहत्या पत्त्याचा दाखला मागितला जातो. तो इमिग्रेशन कार्यालयातून मिळतो, आणि त्यासाठी घरमालकाने तुमच्या मुक्कामाची सूचना इमिग्रेशनला दिलेली असावी लागते. ‘टीएम ३०’ असं त्या सूचनेचं नाव. म्हणून घर भाड्याने घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा की ही सूचना मालक देणार का. जो मालक टाळाटाळ करतो, त्याचं घर कितीही सुंदर असो, पुढच्या प्रत्येक पायरीवर ते आडवं येतं. एका शाखेने खातं नाकारलं तर त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत जावं. परदेशी लोक जास्त असलेल्या भागातल्या शाखांना या कामाची सवय असते.

दुसरी अडचण भारतातून पैसे नेण्याची, आणि इथे मराठी वाचकाने सर्वांत जास्त लक्ष द्यावं. निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे बँकेच्या बोलीत एलआरएसखाली, एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. आपली रक्कम त्याच्या दहाव्या हिश्शाच्या जवळपास आहे, म्हणजे मर्यादेची चिंता नाही. प्रश्न येतो टीसीएस या कराचा. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक वीस टक्के कर आधीच कापून घेते. बावीस लाख एकदम पाठवले तर वरच्या बारा लाखांवर दोन लाख चाळीस हजार रुपये अडकतात. हे पैसे बुडत नाहीत. विवरणपत्र भरलं की करात वळते होतात किंवा परत मिळतात. पण तोवर ते हाताशी नसतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत तुम्हाला घराचं भाडं, अनामत रक्कम आणि गाडीभाडं द्यायचं असतं.

म्हणून जाण्याची तारीख आर्थिक वर्षाच्या सांध्यावर बेतणं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. समजा, तुम्ही २० मार्चला बँकॉकला उतरलात. नव्वद दिवस १७ जूनला संपतात. पहिल्या आठवड्यात खातं उघडलं. मार्च संपण्याआधी, जुन्या आर्थिक वर्षात, दहा लाख रुपये रवाना केले. १ एप्रिलला आपल्या बँका हिशेबासाठी बंद असतात. २ किंवा ३ तारखेला, नव्या आर्थिक वर्षात, उरलेली रक्कम पाठवली. ९ एप्रिलपर्यंत खात्यात आठ लाख बाट पूर्ण झाले. १३ ते १५ एप्रिल हे तिथल्या सोंगक्रान सणाचे दिवस, तेव्हा सगळं बंद असतं, त्याआधी हे उरकलेलं बरं. ९ जूनला दोन महिने भरले. १० ते १६ जून या आठवड्यात अर्ज द्यायचा. एवढीच फट आहे. पैसे दहा दिवस उशिरा पोचले तर दोन महिने भरायच्या आत व्हिसाच संपतो. म्हणून भारतात असतानाच बँकेत जाऊन परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ अर्ज, पॅन आणि शाखेतल्या माणसाशी बोलणं हे सगळं आधी करून ठेवावं. बऱ्याच शाखांत एलआरएसचं काम महिन्यातून एखाद्या वेळी होतं, आणि पहिल्या खेपेला कागद परत येतातच. मूळ शाखेत काम तुमच्या सहीशिवाय अडणार असेल, तर ऑनलाइन पाठवण्याची सोय निघण्याआधी चालू करून, एक छोटी रक्कम पाठवून पाहावी.

पाठवताना नेमके आठ लाख बाट होतील असा हिशेब करू नये. रुपयाचे डॉलर आणि डॉलरचे बाट होताना दोन ठिकाणी दर कापतो, शिवाय मधली बँक आपलं शुल्क घेते. खात्यात ७,९८,६०० जमा झाले तर ते इमिग्रेशनच्या दृष्टीने आठ लाख नव्हेत. तीन ते पाच टक्के जास्त पाठवावेत. ती जास्तीची रक्कम पुढेही उपयोगी पडते, कारण डेबिट कार्डचं वार्षिक शुल्क किंवा एसएमएसचं शुल्क खात्यातून परस्पर वळतं होतं. अगदी काठावर ठेवलेली रक्कम अशा दोन-तीनशे बाटांनी काठाखाली जाते. पैसे परदेशातून आल्याची थाई बँकेची जमा-सूचना मागून घ्यावी आणि जपून ठेवावी.

आणखी एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी: दोन खाती. एकात फक्त ही ठेव. त्याला ना डेबिट कार्ड, ना मोबाइलवरून पैसे देण्याची जोडणी. दुसऱ्यात रोजचा खर्च. तिथे आता भाजीवाल्यापासून टॅक्सीपर्यंत सगळीकडे क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देतात, अगदी आपल्या यूपीआयसारखे. ज्या खात्याला तो कोड जोडला, तिथली शिल्लक रोज थोडी थोडी उतरते आणि लक्षातही येत नाही. ठेवीचं खातं बचत खातं असावं, असं मी सांगेन. मुदतठेवही चालते, व्याज थोडं जास्त मिळतं, पण पासबुकातल्या तिच्या नोंदी समजावून सांगत बसावं लागतं. व्याजासाठी ही रक्कम ठेवलेलीच नसते. सुरक्षिततेचं म्हणाल तर थायलंडच्या ठेव संरक्षण यंत्रणेखाली ऑगस्ट २०२१ पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला दहा लाख बाटांपर्यंत हमी आहे. म्हणजे आपली रक्कम, थोड्या जास्तीसह, पूर्ण संरक्षणात बसते.

अर्जाचा दिवस. सकाळी बँकेत जाऊन आधी शंभर बाट भरावेत किंवा काढावेत, म्हणजे पासबुकात त्याच तारखेची नोंद उमटते. मग शिल्लक रकमेचं बँकेचं पत्र घ्यायचं. तेही त्याच दिवसाचं असावं. काही कार्यालयं आदल्या दिवसाचं चालवून घेतात, पण त्यावर विसंबू नये. पासबुक वर्षभर दर महिन्याला छापून घ्यावं. बरेच महिने न छापलेल्या नोंदी बँकेचं यंत्र एकत्र करून एकाच ओळीत टाकतं, आणि मग मधल्या काळात रक्कम कधी किती होती हे पासबुकावरून दिसत नाही. तसं झालं असेल तर बारा महिन्यांचा खातेउतारा मागावा लागतो. तो बऱ्याचदा मुख्य कार्यालयातून येतो आणि आठवडा घेतो. पासबुकाच्या प्रत्येक पानाची छायाप्रत काढून त्यावर सही करायची. पारपत्राच्या पानांचंही तसंच. सोबत टीएम ७ हा अर्ज, एक फोटो आणि १,९०० बाट शुल्क. थाई कागदांवर वर्ष बौद्ध सनात असतं, आपल्या वर्षात ५४३ मिळवले की ते जुळतं. २०२६ तिथे २५६९ होतं. पत्रावरची तारीख निघण्याआधी स्वतः वाचून घ्यावी. नावाचं स्पेलिंगही पारपत्राप्रमाणे अक्षर-अक्षर तपासावं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं. बँकेने ते गाळलं आणि पारपत्रात असलं, तर खिडकीवरून परत पाठवतात.

कार्यालयाप्रमाणे वागणं बदलतं, हे धरून चालावं. बँकॉकचं चेंग वत्तना, पट्टायाजवळचं जोमतिएन, चियांग माई, हुआ हिन या प्रत्येकाची कागदांची यादी थोडी वेगळी असते. आपल्या भागातल्या कार्यालयात अर्जाच्या दोन आठवडे आधी जाऊन त्यांची छापील यादी आणावी. काही ठिकाणी लगेच वर्षाचा शिक्का मिळत नाही, ‘विचाराधीन’ असा शिक्का मारून काही आठवड्यांनी बोलावतात. काही ठिकाणी तीन महिन्यांनी पासबुक पुन्हा दाखवायला यावं लागतं. ती तारीख विसरण्यासारखी नाही.

आपल्या उदाहरणात मंजुरी १६ जूनच्या आसपास मिळाली असं धरू. तीन महिने सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जातात. गणपती बहुधा याच काळात येतात आणि घरी जायची ओढ असते. विमानाचं तिकीट, भेटवस्तू, घरच्या दुरुस्तीचा खर्च, यांतलं काहीही ठेवीच्या खात्यातून होता कामा नये. शिवाय देशाबाहेर पडण्याआधी री-एंट्री परमिट घ्यायचं, एका खेपेचं १,००० बाट, अनेक खेपांचं ३,८०० बाट. ते न घेता विमानात बसलात तर वर्षाची मुदतवाढ त्या क्षणी संपते, आणि बँकेत आठ लाख असूनही सगळं पहिल्यापासून करावं लागतं. वर्षातून दोनदा घरी येणाऱ्याने अनेक खेपांचाच परवाना घ्यावा.

सप्टेंबरच्या मध्यानंतर चार लाखांपर्यंत उतरता येतं. पुढची मुदत १७ जूनला संपणार, बहुतेक कार्यालयं तीस दिवस आधी अर्ज घेतात, म्हणजे मे महिन्याच्या उत्तरार्धात अर्ज द्यायचा तर मार्चच्या मध्यापर्यंत खातं पुन्हा आठ लाखांवर हवं. थोडक्यात, सहा महिने पूर्ण रक्कम हलवता येत नाही आणि उरलेल्या सहा महिन्यांतही निम्मी हलत नाही. माझा सल्ला असा की ती दुसरी निम्मीही काढूच नये. वापरायला मिळालेले चार लाख सहा महिन्यांत परत भरायचे म्हणजे पुन्हा भारतातून पैसे, पुन्हा दर, पुन्हा टीसीएस. ज्यांना ही रक्कम वर्षभर बाजूला ठेवणं परवडत नाही, त्यांनी थायलंडला स्थायिक होण्याचा बेत पुन्हा तपासावा. हे मी मनापासून सांगतो, कारण चाळीस टक्के बचत या एका खात्यात अडकवून उरलेल्यात आजारपण भागवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांची रात्रीची झोप त्या पासबुकात गेलेली असते.

नवरा-बायको दोघंही जात असतील तर दोघांच्या नावावर वेगवेगळे आठ लाख लागतातच असं नाही. एकाला निवृत्तीची मुदतवाढ मिळाली की दुसऱ्याला त्याच्यावर अवलंबून म्हणून राहता येतं. त्यासाठी विवाह प्रमाणपत्र भारतात आणि थाई दूतावासात प्रमाणित करून, थाई भाषांतरासह द्यावं लागतं. मूळ प्रमाणपत्र आणि पारपत्र यांत बायकोचं नाव वेगळं असेल, लग्नाआधीचं आणि नंतरचं, तर ते आधी इथेच दुरुस्त करून घ्यावं. ठेवीचं खातं मात्र संयुक्त नको. आठ लाख अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर दिसायला हवेत.

आता कराच्या दोन बाजू. भारतात तुम्ही निवासी असेपर्यंत परदेशी खातं विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावंच लागतं. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून एकूण वीस लाखांपर्यंतच्या जंगमासाठी हा दंड शिथिल झाला आहे, पण आठ लाख बाट नेमके त्या रेषेच्या आसपास येतात, त्यामुळे त्या सवलतीच्या भरवशावर राहू नये. तुम्ही अनिश्चित काळासाठी राहायला गेलात की परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी होता. मग इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं खातं, करून घ्यायचं आणि पुढच्या वर्षांची भर त्यातून पाठवायची. त्याची मर्यादा वर्षाला दहा लाख डॉलर आहे आणि एलआरएसवरचा टीसीएस तिथे लागत नाही. मात्र सीएचं प्रमाणपत्र लागतं. या बदलाची तारीख सीएबरोबर बसून निघण्याआधीच ठरवावी.

थायलंडच्या बाजूने, वर्षात १८० दिवस राहिलेला माणूस तिथला कर-निवासी होतो आणि १ जानेवारी २०२४ पासून त्याने देशात आणलेलं परदेशी उत्पन्न करपात्र धरलं जातं. त्याआधी कमावलेली बचत यातून सुटते. म्हणून ३१ डिसेंबर २०२३ रोजी तुमच्या भारतातल्या खात्यांत आणि ठेवींत किती रक्कम होती, त्याचे उतारे काढून थायलंडच्या फाइलमध्ये ठेवावेत. दहा वर्षांनी ते मिळवणं अवघड जाईल.

शेवटी ज्या गोष्टीचा विचार लोक सर्वांत उशिरा करतात ती. खातेदार गेला तर थाई बँक खातं गोठवते, आणि पैसे मिळवायला न्यायालयाने नेमलेला प्रशासक लागतो. खातं एकट्याच्या नावावर असल्याने सोबत राहणाऱ्या बायकोलाही त्यातून अंत्यविधीचा खर्च काढता येत नाही. म्हणून थायलंडमधल्या मालमत्तेपुरतं वेगळं मृत्युपत्र तिथल्या वकिलाकडून थाई भाषेत करून घ्यावं, त्यात प्रशासक कोण हे नावानिशी लिहावं, आणि भारतातल्या मृत्युपत्राने ते रद्द होणार नाही अशी वाक्यरचना दोन्हींत घालून घ्यावी. रोजच्या खर्चाच्या दुसऱ्या खात्यासारखंच एक वेगळं खातं बायकोच्या स्वतःच्या नावाने उघडून त्यात तीन-चार महिन्यांचा खर्च ठेवावा. पासबुक कुठे आहे, वकील कोण, घरमालकाचा फोन कोणता, हे मुलांना लिहून द्यावं, आणि दर वर्षी मुदतवाढीचा शिक्का मिळाला की त्याच दिवशी नव्या पानाचा फोटो त्यांना पाठवावा.